‘एंजल्स क्राय’मधील उसने आणि आपले

कोणत्याही कलावंताच्या पहिल्या कृतीचे परीक्षण करताना टीकाकारासमोर दोन सोपे मार्ग असतात. पुढे आलेल्या प्रौढ कृतींची बीजे तिच्यात शोधून काढावयाची आणि मग बीजावरच वृक्षाचे गुण लादावयाचे, हा एक मार्ग. ‘होतकरू’ या एका विशेषणाच्या आश्रयाने तिचे सर्व दोष पोटात घालावयाचे, हा दुसरा. दोहोंतही प्रत्यक्ष कृती बाजूस राहते. ब्राझीलमधील साओ पाउलो या नगरीतील आंग्रा नावाच्या बँडची ‘एंजल्स क्राय’ ही पहिली ध्वनिमुद्रिका 1993 साली प्रसिद्ध झाली. तिच्याविषयीचे लेखन बहुधा या दोहोंपैकी एका मार्गाने गेलेले आढळते. पुढील विवेचनात ती तिच्या स्वतःच्या जागी ठेवून ऐकण्याचा प्रयत्न करावयाचे योजिले आहे.

आरंभीच आपले मत सांगून टाकणे बरे. ही ध्वनिमुद्रिका सदोष आहे आणि ती ऐकताना आनंद होतो. या दोन विधानांच्या मध्ये ‘तरीही’ हे अव्यय घालण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु त्याने प्रश्न सुटत नाही, तो झाकला जातो. दोष आणि आनंद यांचे मूळ एकच असेल काय, आणि असल्यास ते कोठपर्यंत एक आहे, हा खरा विचारार्ह भाग होय.

पॉवर मेटल हा संगीतप्रकार ज्यांच्या परिचयाचा नसेल त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका दिली पाहिजे. विद्युत्-गिटारींच्या दणदणाटावर उभ्या असलेल्या हेवी मेटल संगीताची ही एक शाखा. ती 1980 नंतरच्या दशकात मुख्यतः जर्मनीत रूपास आली. हँबुर्गच्या हॅलोवीन या बँडने 1987 आणि 1988 साली ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’ या नावाच्या दोन भागांत ज्या ध्वनिमुद्रिका काढल्या, त्यांनी या प्रकाराचे व्याकरणच जणू घालून दिले. तार सप्तकात निर्वेधपणे फिरणारा पुरुषाचा आवाज. ड्रमवादकाने दोन्ही पायांनी चालविलेला अखंड द्रुत ठेका. दोन गिटारींनी परस्परांशी ठराविक अंतर राखून एकत्र वाजविलेल्या धुना. आणि सर्वांनी मिळून म्हणावे असे उजळ, विजयी ध्रुवपद. मेटल संगीताच्या इतर शाखा अंधार, क्रोध आणि मृत्यू यांत रमल्या असता ही शाखा उत्साहात रमली. या उत्साहाचा तिच्या निंदकांना फार राग आहे. भाबडेपणा हा त्यांचा मुख्य आक्षेप असतो, आणि तो सर्वस्वी खोटा आहे असे म्हणता येणार नाही.

आंग्राची स्थापना 1991 साली झाली. गायक आंद्रे मातोस याचे नाव तत्पूर्वीच व्हायपर या साओ पाउलोच्याच बँडमुळे झालेले होते. त्या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका 1987 ची; तेव्हा मातोस सोळा वर्षांचाही पुरता नसावा, कारण त्याचा जन्म 1971 च्या सप्टेंबरातील. व्हायपरच्या 1989 च्या ‘थिएटर ऑफ फेट’ या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या अखेरीस ‘मूनलाइट’ नावाचे एक गीत आहे. ते बेटोव्हेनच्या त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पियानो-सोनाटावर रचलेले आहे. म्हणजे अभिजात युरोपीय रचना उचलून तिच्यावर आपले गीत बेतण्याची सवय आंग्राच्या जन्मापूर्वीची आहे. मातोसने पुढे संगीतरचना आणि वाद्यवृंद-संचालन यांचे रीतसर शिक्षण घेतले. गिटारवादक राफाएल बितेनकूर हाही संगीताचा विद्यार्थी. दुसरा गिटारवादक किको लौरेइरो त्या वेळी एकवीस वर्षांचा होता. बास गिटार लुईस मारिउती याच्याकडे होती. ही चार तरुण मंडळी अटलांटिक ओलांडून हँबुर्ग येथे गेली आणि हॅलोवीनचा संस्थापक काय हान्सेन याच्या स्टुडिओत त्यांनी ही ध्वनिमुद्रिका केली. विद्यार्थ्याने गुरुगृही जाऊन परीक्षा द्यावी तसाच हा प्रकार झाला. निर्मितीची सूत्रे चार्ली बाउअरफाइंड आणि साशा पेथ या जर्मन तंत्रज्ञांकडे होती. ड्रमवादकाची जागा मोकळी पडली होती, ती आलेक्स होल्ट्सवार्थ या जर्मन वादकाने ध्वनिमुद्रणापुरती भरून काढली. परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत जे गुणदोष असावयाचे ते सर्व या कृतीत आहेत. प्रश्नाला आवश्यक नसलेली माहितीही तीत लिहिलेली आहे, कारण ती पाठ होती.

पहिलीच रचना पाहा. ‘अनफिनिश्ड अलेग्रो’ या नावाचा सव्वा मिनिटाच्या आतबाहेरचा हा वाद्यखंड शूबर्टच्या 1822 च्या ‘अपूर्ण’ सिंफनीच्या पहिल्या भागावरून घेतलेला आहे. नावातच त्याची कबुली आहे. मूळ सिंफनीचा तो भाग ज्यांनी ऐकला आहे त्यांना माहीत असेल की, त्यातील प्रसिद्ध गोड धून निर्धास्तपणे गात असतानाच एकाएकी थांबते. क्षणभर शांतता पसरते आणि मग सर्व वाद्यवृंद कोसळल्यासारखा आघात होतो. त्या गोडव्याला अर्थ येतो तो या आघातामुळे. प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेत हे संदर्भ गळून गेले आहेत. उरले आहे ते अभिजाततेचे एक तोरण. दाराला तोरण बांधण्यास कोणाची हरकत असणार? परंतु तोरणावरून घरातील माणसांविषयी काही कळत नाही.

शीर्षकगीताच्या मध्यभागी पागानिनीच्या चोविसाव्या काप्रीसची धून येते. येथे दोष अधिक स्पष्ट होतो, कारण तुलनेस उत्तम साहित्य उपलब्ध आहे. ही एकच धून घेऊन ब्राम्सने रूपांतरमाला रचली आणि 1934 साली राखमानिनोव्हने पियानो व वाद्यवृंद यांच्यासाठी आपली ‘ऱ्हॅप्सडी’ रचली. राखमानिनोव्हच्या अठराव्या रूपांतरात पागानिनीच्या स्वरांची चढउतार उलटी केलेली आहे. वर जाणारा स्वर खाली, खाली येणारा वर. एवढ्या एका कृतीने मूळची चपळ, काहीशी खोडकर धून एका दीर्घ, आर्त गीतात पालटते. ऐकणाऱ्याला पागानिनी ओळखूही येत नाही. तरी त्याच्यावाचून ते गीत जन्मास आले नसते. याला परकीय द्रव्य पचविणे म्हणतात. आंग्राचे वादक पागानिनीची धून वाजवतात, चांगली वाजवतात, आणि पुढे जातात. ती येण्यापूर्वी गीत जसे होते तसेच ती गेल्यावरही राहते. मर्ढेकरांनी लयीच्या संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांची जी मांडणी केली, तिच्या आधारे हा दोष नेमका सांगता येतो. दोन घटकांत विरोध असणे हा दोष नव्हेच. विरोधही एक लयसंबंधच आहे. परंतु संवाद असो वा विरोध, दोन्ही घटक एकाच रचनेत परस्परांवर परिणाम करीत असले पाहिजेत. येथे ते शेजारी शेजारी बसले आहेत, आगगाडीतील अनोळखी प्रवाशांसारखे.

उद्धरणे ओळखण्याचा छंद विद्यार्थिदशेत सुखद असतो, यात शंका नाही. आपल्या विभागात सादर होणाऱ्या प्रबंधिकांतही संदर्भांच्या गर्दीने प्रतिपादनाची उणीव भरून काढण्याचे प्रयत्न दिसतात, आणि परीक्षकही क्वचित त्या गर्दीला भुलतात. तेव्हा या तरुणांना फार कठोर शब्द लावणे आपल्याला शोभणार नाही.

शिवाय सर्वच उद्धरणे सारख्या प्रतीची नाहीत. ‘ईव्हिल वॉर्निंग’ या गीतात विवाल्डीच्या ‘चार ऋतूं’पैकी ‘हिवाळ्या’चा अंश घेतलेला आहे. हा कोंचेर्टोसमूह 1725 साली छापला गेला. त्यातील थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाचे चित्र विवाल्डीने एकच स्वर अतिद्रुत गतीने पुनःपुन्हा वाजवून उभे केले आहे. आता मेटल गिटारवादकाच्या उजव्या हाताचे मुख्य कामच ते आहे, एका तारेवर एकच स्वर शक्य तितक्या वेगाने छेडत राहणे. म्हणून येथे उसनवारी करताना वाद्याला आपली प्रकृती सोडावी लागत नाही. व्हायोलिनचे गज आणि गिटारची नखी यांचे खरोखर नाते जुळते. मेटल गिटारवादनाने बारोक काळातील चातुर्यप्रधान वादनपद्धती कशी आत्मसात केली याचे विस्तृत विवेचन रॉबर्ट वॉल्सर या अमेरिकन संगीतशास्त्रज्ञाने ‘रनिंग विथ द डेव्हिल’ या ग्रंथात केलेले आहे. योगायोग असा की तो ग्रंथही 1993 चाच. वॉल्सरने हे आकर्षण केवळ प्रतिष्ठेच्या हव्यासातून आले असे मानले नाही, आणि ‘ईव्हिल वॉर्निंग’ ऐकताना त्याचे म्हणणे पटते. पागानिनीचा अंश शीर्षकगीतातून काढून टाकला तर काही बिघडणार नाही. विवाल्डीचा अंश काढला तर या गीताचा मधला वेग लंगडा पडेल.

हा सर्व ऊहापोह केवळ युरोपीय मानदंडांनी केला तर तो अपुरा राहील, कारण परकीय ऋणाचा प्रश्न ब्राझीलमध्ये नवा नाही आणि त्याचे उत्तर तेथील कलावंतांनी फार पूर्वी दिले आहे. ओस्वाल्द दे आंद्रादे या कवीने 1928 साली ‘मानिफेस्तो आंत्रोपोफागो’, म्हणजे नरभक्षकांचा जाहीरनामा, लिहिला. युरोपीय संस्कृतीची नक्कल करू नये आणि तिच्याकडे पाठही फिरवू नये. तिला खाऊन टाकावे, पचवावे, आणि तिच्या बळावर आपले शरीर पोसावे, असा त्याचा थोडक्यात अभिप्राय. भाषा मुद्दाम उद्धट आहे, परंतु विचार गंभीर आहे. या विचाराला समांतर असे संगीतातील उदाहरण म्हणजे व्हिला-लोबोसने 1930 ते 1945 या काळात रचलेल्या नऊ ‘बाकियानास ब्राझिलेइरास’. शीर्षकात बाखचे नाव आहे. पण बाखच्या धुना उचलून आणून त्या सजविण्याचा उद्योग येथे नाही. त्याची रचनापद्धती घेऊन तीत ब्राझीलचे लोकसंगीत ओतलेले आहे. दुसऱ्या ‘बाकियाना’चा अखेरचा भाग तर खेड्यातील एका लहान आगगाडीचे चित्र आहे. बाखला आगगाडीत बसविण्याचे हे धैर्य, 1993 सालच्या या चार तरुणांत नाही. त्यांच्याजवळ त्या वेळी भूक आहे, पचनशक्ती अजून यावयाची आहे.

परंतु भूक हीही एक कलाशक्ती आहे, आणि आनंदाचा उगम शोधावयाचा तर तो येथेच शोधला पाहिजे. शूबर्टच्या तोरणाखालून ‘कॅरी ऑन’ हे गीत जे बाहेर झेपावते ते ऐकावे. पाच मिनिटांच्या या गीतात हॅलोवीनचे सगळे व्याकरण जसेच्या तसे आहे. ठेका तोच, गिटारींचे अंतर तेच, ध्रुवपदाची उजळ झेप तीच. अनुकरण म्हणून त्याची गणना करण्यास कोणताही अडथळा नाही. असे असूनही त्यात एक गोष्ट अशी आहे की जी गुरूंच्या गीतांत नाही. मध्यभागी वेग अकस्मात मोडतो, बास गिटार पुढे येऊन बोलू लागते, लयीचे हिशेब काही काळ बदलतात आणि मग सर्व वाद्ये मूळच्या धावेवर परत येतात. हॅलोवीनच्या संगीतात धावण्याचा आनंद आहे. येथे धावताना मध्येच थांबून एखादी उडी मारून दाखविण्याची हौस आहे. ही हौस आणि पागानिनी वाजविण्याची हौस, दोन्ही एकाच झऱ्याच्या. फरक एवढाच की ‘कॅरी ऑन’मध्ये ती रचनेच्या अंतर्भागातून येते. ज्यांना आपल्याला येते ते सर्व एकाच दमात सांगावयाचे आहे अशा माणसांचे बोलणे पाल्हाळिक होते, पण कंटाळवाणे क्वचितच होते.

या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत वादग्रस्त रचना ‘वदरिंग हाइट्स’ ही होय. केट बुश या इंग्रज गायिकेने 1978 साली स्वतः रचून गायिलेले हे गीत तिचे पहिलेच प्रसिद्ध गीत होते आणि इंग्लंडमध्ये ते लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी गेले. त्याचा आधार एमिली ब्राँटीची 1847 ची कादंबरी. मृत कॅथरीनचा आत्मा रात्री खिडकीशी येऊन आत घेण्याची विनवणी करतो, हा प्रसंग गीतात तिच्याच मुखातून येतो. कादंबरीवरून गीत, इंग्रजी गीतावरून ब्राझीलच्या मेटल बँडचे गायन. अशी ही दुहेरी-तिहेरी उसनवारी पाहून काही जाणकारांनी नाके मुरडली आणि पुरुषाने हे गीत मूळच्या तार सप्तकात गावे याची कित्येकांनी थट्टा केली.

बालगंधर्वांची स्मृती ज्या श्रोतृवर्गात अद्याप आदराने जपली जाते, त्याला पुरुषकंठातून स्त्रीची व्यक्तिरेखा ऐकणे यात हास्यास्पद काही वाटू नये. प्रश्न असतो तो गायक स्त्रीचा आवाज काढतो की तिचे मनोगत गातो, हा. केट बुशच्या गायनात कॅथरीन काहीशी खट्याळ, हट्टी, अमानुष आहे. ती भूत आहे हे आपण क्षणभरही विसरत नाही. मातोसची कॅथरीन अधिक मानवी आणि अधिक थकलेली आहे. त्याचा आवाज वर चढतो तेव्हा त्यात ताण जाणवतो, आणि हा ताणच या प्रसंगी अर्थपूर्ण ठरतो, कारण बाहेर गारठ्यात उभ्या असलेल्या जीवाचे ते गाणे आहे. वाद्यांनी मात्र या अर्थास फारशी साथ केलेली नाही. गिटारी भीतभीत वाजतात. मूळ गीताच्या शेवटी गिटारवादकाने जे दीर्घ वादन केले आहे त्याच्याशी बरोबरी करण्याचा प्रयत्नही नीट होत नाही. पण एकंदरीत पाहता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. जेथे आंग्राने चार-दोन स्वरवाक्ये उचलली तेथे ती परकी राहिली, आणि जेथे पूर्ण गीतच उघडपणे, नावानिशी उचलले तेथे ते बरेचसे आपले झाले. पूर्ण गीत घेतले की त्याचा अर्थही घ्यावा लागतो, आणि अर्थ घेतला की त्याविषयी आपले काही मत असावे लागते. तुकडा घेणाऱ्यावर ही जबाबदारी पडत नाही.

‘नेव्हर अंडरस्टँड’ या गीताच्या आरंभी मात्र एकदम निराळाच वारा येतो. येथे घेतलेली धून आहे ‘आझा ब्रांका’ची. लुईझ गोंझागा आणि उंबेर्तो तेशेइरा यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेले हे गीत ईशान्य ब्राझीलच्या सेर्ताँव नावाच्या कोरडवाहू प्रदेशातील अवर्षणाचे आहे. पाऊस नाही, पीक जळाले, रानपाखरूही उडून गेले. तेव्हा गीताचा नायक प्रेयसीला मागे ठेवून गाव सोडतो आणि परतण्याचे वचन देतो. अकॉर्डियन, झाबुंबा नावाचा ढोल आणि लोखंडी त्रिकोण या तीन वाद्यांवर उभा असलेला बायाँव हा ठेका गोंझागाने सर्व देशभर नेला. त्या प्रदेशाच्या लोकसंगीतात कोमल निषादाचा आणि पुष्कळदा तीव्र मध्यमाचा जो प्रयोग होतो, त्यामुळे आपल्या कानाला तो परका वाटत नाही. हँबुर्गच्या स्टुडिओत हा ठेका उमटतो तेव्हा शूबर्ट, पागानिनी, विवाल्डी ही सर्व नावे एकदम लांबची वाटू लागतात.

येथे देशीपणाचा जयघोष करण्याची घाई करू नये. साओ पाउलोसारख्या महानगरातील संगीत शिकलेल्या तरुणाला सेर्ताँवचा दुष्काळ किती जवळचा? शिवाय बायाँव स्वतःच एक घडविलेली वस्तू आहे. खेड्यातील ठेक्याला गोंझागा आणि तेशेइरा यांनी रिओच्या रेडिओसाठी आकार दिला आणि मग तो सर्व ब्राझीलचा झाला. म्हणजे ‘आपले’ म्हणून जे हाती येते तेही कोणीतरी एकदा उसने घेऊन, पचवून दिलेले असते. मात्र अवर्षणामुळे देशोधडीला लागलेल्या ईशान्येच्या हजारो कुटुंबांनी साओ पाउलोतच आसरा घेतला होता, आणि ही धून त्या शहराच्या कानात होती. ती या तरुणांना अभ्यासातून मिळाली नव्हती. म्हणून ती वाजविताना आपल्याला ती येते हे दाखविण्याचा अभिनिवेश नाही. हात सैल पडलेले आहेत. आरंभीच्या या सैलपणाची सावली पुढील मेटल भागावरही काही अंशी पडते, ठेक्याला किंचित झोल मिळतो. मग मात्र गीत नेहमीच्या वाटेने जाते. या सर्वांत अधिक ब्राझिलियन गीतातील गिटारची एकलवादने काय हान्सेन, डिर्क श्लेष्टर आणि साशा पेथ या तिघा जर्मन पाहुण्यांनी वाजविलेली आहेत. यजमानाने आपल्या घरची भाकरी प्रथमच पानात वाढली आणि ती खाण्यास पाहुण्यांनाच बसविले, असे हे दृश्य आहे. त्यात विनय असेल, व्यवहारही असेल.

त्याच वर्षी सेपुल्तुरा या ब्राझीलच्याच अधिक उग्र बँडने ‘केऑस ए. डी.’ या ध्वनिमुद्रिकेत ‘कायोवास’ ही शब्दरहित, ढोलप्रधान रचना घातली आणि 1996 च्या ‘रूट्स’मध्ये शावान्ते या आदिवासी जमातीसह प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण केले. आंग्राची दुसरी ध्वनिमुद्रिका ‘होली लँड’ हीही 1996 ची, आणि तिचा विषय सोळाव्या शतकातील ब्राझीलचा ‘शोध’. तीत ‘कॅरोलिना फोर’ या दीर्घ गीतात लोकवाद्यांचा ठेका आहे, पोर्तुगीज शब्द आहेत, येमांझा या सागरदेवतेचे नाव आहे. तिच्या आरंभीही एक युरोपीय उद्धरण आहेच, पालेस्त्रिनाच्या धर्मसंगीताचे. पण गलबतांतून आलेल्या लोकांचा धर्म कोणता हे सांगण्यासाठी ते तेथे हवेच होते. ‘एंजल्स क्राय’च्या शूबर्टला असे काही काम नेमून दिलेले नाही. या दोन उद्धरणांमधील अंतर तीन वर्षांचे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ती पाठोपाठ ऐकावी.

उरलेल्या दोषांविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. गीतांची इंग्रजी भाषा अमूर्त नामांनी भरलेली आहे; काळ, नियती, आशा, अश्रू यांची ये-जा चालू असते, पण कोणत्या गल्लीत, कोणत्या दारापाशी, हे क्वचितच कळते. परभाषेत लिहिणाऱ्याला स्थूल शब्द प्रथम सापडतात हे त्याचे कारण असावे. ‘स्ट्रीट्स ऑफ टुमॉरो’ हे गीत या ध्वनिमुद्रिकेत केवळ संख्या भरण्यासाठी आले असावे असा संशय येतो. होल्ट्सवार्थचे ड्रमवादन अचूक आहे, परंतु पाहुण्याने दुसऱ्याच्या घरात वावरावे तसे सावध आहे. मातोसचा आवाज फार वेळ फार वर राहतो. ‘स्टँड अवे’मध्ये बितेनकूरने त्याला ऑपेराच्या वळणाने जाऊ दिले आहे, तेथे उंची शोभते; अन्यत्र ती सवय होऊन बसते आणि श्रोता खालच्या सप्तकातील एका शांत ओळीसाठी आतुर होतो. ‘टाइम’चा हळुवार आरंभ त्यामुळेच सुखद वाटतो, आणि तो फार लवकर संपतो.

अखेरची ‘लास्टिंग चाइल्ड’ ही दोन भागांची रचना मात्र घाईने ऐकण्यासारखी नाही. ती मातोसची आहे. पियानो, आवाज, आणि वाद्यवृंदाचा आभास देणारे कीबोर्ड, एवढेच तिचे मुख्य साहित्य. द्रुत ठेका दूर ठेवलेला आहे. येथे श्रोत्याला ओळखीची खूण म्हणून कोणतीही विख्यात धून पुढे केलेली नाही. वाद्यवृंद-संचालन शिकणाऱ्या तरुणाने जे शिकले ते येथे प्रथमच त्याच्या स्वतःच्या स्वरांवर लावून पाहिले आहे, आणि कीबोर्डचा वाद्यवृंद तोकडा असूनही रचनेची श्वास घेण्याची जागा त्याला बरोबर कळलेली आहे. दुसऱ्या भागात शब्दांचा भार कमी होतो आणि वाद्यांकडे सूत्रे जातात. मातोस 2019 च्या जूनमध्ये, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी निवर्तला. त्याच्या रचनांपैकी सभांतून गायली जाणारी गीते दुसरी आहेत आणि तीच पुढेही गायली जातील. पण या ध्वनिमुद्रिकेच्या अखेरच्या साडेसात मिनिटांत हा बावीस वर्षांचा मुलगा शूबर्टला दारात उभा न करता आपल्या खोलीत एकटा बसून पियानो वाजवताना ऐकू येतो.